पॉपी लावा, पण डब्यातली खसखस नव्हे

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी अनारसे होतात. केळीच्या पानावर खसखस पसरायची, तिच्यावर पिठाची गोळी थापायची आणि खसखशीची बाजू वर राहील अशा बेताने अनारसा तुपात सोडायचा. शेवटचा घाणा निघाला की पानावर थोडी खसखस उरतेच. ती कुणी सहज म्हणून कुंडीत टाकली, तर त्यातले काही दाणे रुजूही शकतात. खसखस आपण मसाल्याच्या डब्यात ठेवत असलो, तरी ते अफूच्या झाडाचं बी आहे. आणि परवान्याशिवाय अफूचं झाड लावणं हा भारतात गुन्हा आहे, मग ते शेतात असो की गच्चीवरच्या कुंडीत.

हेच दिवस पॉपी पेरण्याचेही असतात. खसखशीच्या नात्यातल्या, पण अफूशी काही देणंघेणं नसलेल्या शोभेच्या पॉपी दिवाळी ते तुळशीचं लग्न या काळात पेरल्या, तर संक्रांतीनंतर फुलू लागतात आणि होळीच्या आसपासपर्यंत बाग रंगवून टाकतात. पुणे, नाशिक, सातारा, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, म्हणजे जिथे डिसेंबरात रात्री गोधडी लागते, तिथे या फुलांना मानवेल अशी थंडी पडते. तरीही झेंडू, शेवंती, पिटुनिया आणि डायँथसच्या गर्दीत पॉपी क्वचितच दिसते. याची कारणं दोन. पहिलं, ‘पॉपी म्हणजे अफू’ ही सरसकट धास्ती. दुसरं, इतर रोपांसारखी पॉपी लावायला गेलं की ती हमखास मरते. दोन्हींची उत्तरं सोपी आहेत.

चिकाचं कुळ

पॉपीच्या कुळातली एक वनस्पती महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलेली असते. पडीक रानात, रेल्वेमार्गाच्या कडेला, उकिरड्यावर वाढणारा पिवळा धोतरा तो हाच. काटेरी, पांढुरक्या शिरांची पानं, रेशमासारखी पिवळी फुलं आणि फांदी मोडली की ओघळणारा पिवळाधमक चीक. मूळचा मेक्सिकोकडचा हा धोतरा आता पक्का इथला झाला आहे. त्याचं बी दिसायला मोहरीसारखं असतं आणि तिथेच घात होतो. मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झाली की अंगावर सूज येते, हृदयावर ताण पडतो. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीने सुमारे 60 जणांचा बळी घेतला आणि हजारो लोक आजारी पडले.

नाजूक पाकळ्या, भरपूर पराग आणि चिकात जहाल रसायनं, ही या कुळाची ओळख. त्यामुळे बागेत कुठलीही पॉपी लावली तरी तिचं पान, फूल किंवा बोंड तोंडात घालायचं नाही, हे घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवायला हवं.

या कुळातलं सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात बदनाम झाड अफूचं. शास्त्रीय नाव पापावेर सोम्निफेरम. मध्य प्रदेशातल्या नीमच आणि मंदसौर, तसंच राजस्थानातल्या चित्तोडगडच्या परिसरात आणि उत्तर प्रदेशाच्या काही भागांत याची शेती कायदेशीरपणे होते. परवाना देणारं केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. शेतकऱ्याला किती जागेत पीक घ्यायचं ते ठरवून दिलेलं असतं आणि ती जागा अधिकारी मोजून जातात. पाकळ्या गळून गेल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरव्या बोंडांना दुपारी बारीक चिरा पाडतात. त्यातून पाझरलेला पांढरा चीक रात्रभर घट्ट होत तपकिरी होतो आणि पहाटे ऊन चढायच्या आत तो खरवडून घेतात. सरकारला विकलेला हा चीक नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत जातो. कर्करोगाच्या रुग्णांच्या असह्य वेदना शमवणारं मॉर्फीन त्यातूनच निघतं.

मुंबईच्या इतिहासातही अफू आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर शहरातले अनेक व्यापारी गब्बर झाले. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय उभं राहिलं, ते सर जमशेटजी जीजीभॉय हेही या व्यापारातलं मोठं नाव.

आज कायदा स्पष्ट आहे. 1985 चा गुंगीकारक औषधी द्रव्यं आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा कायदा, म्हणजेच एनडीपीएस, परवान्याशिवाय अफूची लागवड करू देत नाही. ‘फक्त फुलांसाठी लावलं होतं’ किंवा ‘आम्हाला वाटलं खसखस आहे’ ही सबब त्यात बसत नाही. खसखशीचं पीक म्हणून अफू लावल्याबद्दल महाराष्ट्रातही शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

म्हणून पाकीट घेताना फुलाचा फोटो बघून भुलू नये, शास्त्रीय नाव वाचावं. परदेशी कंपन्यांच्या पाकिटांवर पिओनी पॉपी, ब्रेडसीड पॉपी, लेट्यूस पॉपी अशी गोंडस नावं असतात. ती सगळी अफूचीच आहेत. नाव छापलेलंच नसेल, तर पाकीट परत ठेवावं. झाड उगवल्यावरही फरक कळतो. अफूच्या झाडाची पानं रुंद, निळसर-करडी आणि कोबीच्या पानासारखी मेणचट असतात. त्यांना देठ नसतो, ती थेट खोडाला वेटाळून बसतात. खोड जाड आणि बहुधा गुळगुळीत, बोंड चांगलं मोठं. शोभेच्या पॉपीची पानं बारीक कातरलेली, बोंडं लहान किंवा शेंगेसारखी लांबुळकी. असं मेणचट पानांचं रोप चुकून उगवलंच, तर ओळख पटताक्षणी उपटून टाकावं.

तीन पॉपी, तीन स्वभाव

महाराष्ट्रातल्या बागेसाठी तीन पॉपी विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली शर्ली. हिचं शास्त्रीय नाव पापावेर ऱ्हीआस. युरोपात गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या लालभडक रानपॉपीची ही सुधारलेली पोर. तिच्या जन्माची गोष्ट बागकाम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनजवळ शर्ली नावाचं गाव होतं आणि तिथले पाद्री होते विल्यम विल्क्स. 1880 साली त्यांना बागेच्या एका दुर्लक्षित कोपऱ्यात रानपॉपींचा ताटवा दिसला. त्यात एकाच फुलाच्या लाल पाकळ्यांना पांढरी, अगदी रेघेएवढी किनार होती. त्यांनी त्या फुलाला खूण केली आणि फक्त त्याच बोंडाचं बी धरलं. पुढच्या वर्षी सुमारे दोनशे रोपं आली, त्यातल्या चार-पाच झाडांची फुलं किनारीची निघाली. विल्क्स यांनी त्यांचं बी धरलं आणि हेच वर्षानुवर्षं चालू ठेवलं. हळूहळू किनार रुंदावली, लाल रंग फिकट होत गुलाबी, शेंदरी, पांढऱ्या छटा निघाल्या, फुलाच्या मध्यावरचा काळा डाग नाहीसा झाला. ना प्रयोगशाळा, ना संकर. नीट बघणं आणि चिकाटीने निवडणं एवढंच त्यांचं भांडवल. ते पुढे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे चिटणीस झाले. त्यांनी हे बी मागेल त्याला वाटलं आणि शर्ली पॉपी जगभर गेली. पुणे-नाशिककडच्या थंडीत ही पॉपी चांगली येते. उंची दोन फुटांच्या आसपास, देठावर बारीक लव, कागदासारख्या तलम पाकळ्या.

दुसरी कॅलिफोर्निया पॉपी. ही पॉपीच्या कुळातली असली तरी तिची प्रजाती वेगळी, नाव एश्शोल्त्सिया कॅलिफोर्निका. 1816 साली ‘रूरिक’ हे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात थांबलं होतं. त्यावरचे कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आडेलबर्ट फॉन शामिसो यांनी किनाऱ्यावर ही केशरी फुलं पाहिली आणि जहाजावरचे डॉक्टर मित्र योहान एश्शोल्त्स यांचं नाव त्यांना दिलं. 1903 पासून ते कॅलिफोर्नियाचं राज्यफूल आहे. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला की वसंतात तिथल्या टेकड्या केशरी होतात. 2019 च्या मार्चमध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅनियनमध्ये हा बहर पाहायला एवढी झुंबड उडाली की गावाच्या प्रशासनाला वाट बंद करावी लागली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे दृश्य चांगलं परिचयाचं आहे.

ही पॉपी तिघींत सगळ्यात काटक आहे. हलकी, मुरमाड जमीन तिला आवडते, पाण्याचा थोडा ताण ती सोसते. उंची फूटभर. सूर्य मावळला किंवा आभाळ भरून आलं की ती पाकळ्या मिटून घेते, आणि ऊन पडलं की पुन्हा उघडते. पहिल्यांदाच पॉपी लावणाऱ्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी.

तिसरी आइसलँड पॉपी, पापावेर नुडिकॉले. ती मूळची सैबेरिया आणि मध्य आशियाकडची. जमिनीलगत पानांचा झुबका आणि त्यातून वर आलेल्या बिनपानांच्या देठांवर पिवळी, नारिंगी, पांढरी मोठी फुलं. फुलदाणीसाठी यापेक्षा चांगली पॉपी नाही. मात्र तिला थंडी जास्त दिवस लागते. नाशिक, महाबळेश्वर, पाचगणी किंवा विदर्भातल्या कडाक्याच्या थंडीत ती साधते, पुण्यात थंडीच्या दिवसांवर अवलंबून राहावं लागतं.

मुंबई, कोकण आणि गोव्याचं हवामान या तिघींनाही फारसं मानवत नाही. रात्री हवा गार होत नाही आणि दमटपणामुळे बुरशी लवकर लागते. तिथे हौस करायचीच असेल, तर कॅलिफोर्निया पॉपी डिसेंबरात कुंडीत पेरावी, कुंडी वारा खेळेल अशा जागी ठेवावी आणि बहर थोड्याच दिवसांचा असेल हे धरून चालावं.

निळ्या पॉपीचा मोह मात्र टाळलेला बरा. उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत ट्रेकला गेलेल्या अनेकांनी खडकांच्या आडोशाला फुललेली निळी हिमालयन पॉपी पाहिलेली असते. ती मेकोनॉप्सिस या वेगळ्या प्रजातीतली, थंड आणि ओलसर पर्वतांची रहिवासी आहे. तिबेटमधल्या तिच्या एका जातीचं बी फ्रँक किंगडन-वॉर्ड यांनी 1924 साली गोळा करून इंग्लंडला नेलं, तेव्हा तिथल्या बागवानांनी ते डोक्यावर घेतलं. तरी खुद्द इंग्लंडच्या कोरड्या, उबदार भागांत ती रुसते. दख्खनच्या उन्हाळ्यात ती टिकण्याचा प्रश्नच नाही.

रोप नको, बी पेरा

पॉपी मरते ती बहुतेक वेळा पुनर्लागवडीत. बी रुजलं की तिचं सोटमूळ सरळ खाली जातं. ट्रेमध्ये रोप करून ते उपटून दुसरीकडे लावलं की हे मूळ तुटतं आणि रोप मान टाकतं. त्यामुळे शर्ली आणि कॅलिफोर्निया या दोन पॉपी जिथे फुलायला हव्यात तिथेच पेराव्यात. आइसलँड पॉपीची रोपं नर्सरीत मिळतात, पण ती घेताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा जराही फुटू देऊ नये.

वेळ महत्त्वाची. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला आणि रात्री गारवा जाणवू लागला की पेरणी करावी. घाई केली तर उन्हाने कोंब करपतात, आणि डिसेंबरअखेरपर्यंत थांबलं तर फुलं यायच्या सुमारास उन्हाळा येऊन ठेपतो. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पेरलं, तर बहर जास्त दिवस पुरतो.

जागा अशी निवडावी की निदान सहा तास ऊन येईल. पाणी साचता कामा नये. दख्खनच्या काळ्या मातीत इथेच अडचण येते. ही माती पाणी धरून ठेवते, वरून वाळली की पापुद्रा धरते आणि तो कोंबाला फोडता येत नाही. जमीन काळी असेल तर वीतभर उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात भरड वाळू व चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. कुंडी असेल तर ती निदान बारा इंच खोल हवी. लाल माती, भरड वाळू आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात घेतलं तरी चालतं. खताचा हात आखडताच ठेवावा. युरियासारखं नत्र जास्त झालं की पानं माजतात, देठ लुळे पडतात आणि फुलं कमी येतात.

शर्लीचं बी खसखशीहूनही बारीक. चिमटीत धरून टाकलं तर एकाच ठिकाणी शंभर पडतात. म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळावं आणि आधी भिजवलेल्या वाफ्यावर ती वाळू भुरभुरावी. वाळूचा फिका रंग दिसत असल्याने कुठे पडलं, कुठे राहिलं हेही कळतं. मग तळहाताने हलकेच दाबावं. वरून माती टाकू नये. टाकलीच तर चाळणीने, दिसेल न दिसेल एवढी.

याचं कारण पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर दिसलं होतं. रानपॉपीचं बी रुजायला उजेड लागतो. खोल गाडलं गेलेलं बी जमिनीत काही दशकं झोपून राहू शकतं. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये खंदक खणले गेले, तोफगोळ्यांनी जमीन उलथीपालथी झाली आणि वर्षानुवर्षं गाडलेलं बी उजेडात आलं. उजाड झालेल्या त्या मातीत आणि सैनिकांच्या थडग्यांभोवती लाल पॉपी फुलल्या. कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी 1915 मध्ये त्यांच्यावर कविता लिहिली आणि पुढे हे फूल युद्धात पडलेल्यांच्या स्मृतीचं चिन्ह झालं. जी पॉपी तिथे फुलली, तिचीच वंशज शर्ली आहे. म्हणून तिचं बी मातीवर ठेवायचं, मातीखाली पुरायचं नाही. कॅलिफोर्निया पॉपीचं बी जरा मोठं असतं, त्यावर तीन-चार मिलिमीटर माती चालते.

पेरल्यावर झारीची धार सोडली तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. फवाऱ्याच्या बाटलीने सकाळ-संध्याकाळ ओल धरावी. कुंडी असेल तर ती पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी, सर्वांत उत्तम. मुंग्या बी उचलून नेतात, तेव्हा पहिले काही दिवस लक्ष ठेवावं. आठवडा-दोन आठवड्यांत केसासारखे बारीक कोंब दिसू लागतात.

इथून पुढचं काम हौशी माणसाच्या जिवावर येतं, ते म्हणजे विरळणी. इतकी रोपं आलेली पाहून एकही काढवत नाही. पण दाटीवाटीत एकही रोप नीट वाढत नाही आणि हवा न खेळल्याने बुरशी लागते. रोपांना चार-पाच पानं आली की जादा रोपं कात्रीने मातीलगत कापावीत. उपटली तर शेजारणीचं मूळ हलतं. पुन्हा काही दिवसांनी दुसरी विरळणी करून शर्लीच्या दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावं. बारा इंची कुंडीत तीन रोपं पुरेत.

रोपांनी जोर धरला की पाणी कमी करावं. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच, तेही सकाळी आणि बुंध्याशी. पॉपी पाण्यावाचून जितकी मरते, त्याहून जास्त पाण्यामुळे कुजून मरते.

एक फूल उमलताना

पेरणीपासून साधारण अडीच-तीन महिन्यांनी शर्लीला कळ्या येतात. हा सोहळा जवळून बघण्यासारखा असतो. लव असलेली हिरवी कळी आधी देठावर मान खाली घालून लोंबत असते. कळी वाढते तसा देठाचा बाक हळूहळू सुटत जातो आणि उमलायच्या आदल्या दिवशी ती ताठ उभी राहते. भल्या सकाळी हिरव्या आवरणाला चीर पडते, आतला लाल-गुलाबी रंग डोकावतो. मग दोन्ही हिरवी दलं सुटून खाली पडतात आणि चार पाकळ्या बाहेर येतात, त्या घडी मोडलेल्या तलम लुगड्यासारख्या चुरगळलेल्या. ऊन लागलं की सुरकुत्या निघतात आणि तासाभरात पूर्ण कटोरा उघडतो. मध्यभागी चक्राकार रेघांचं झाकण असलेलं इवलं बोंड आणि त्याभोवती पुंकेसरांची दाट झालर.

कॅलिफोर्निया पॉपीची तऱ्हा वेगळी. तिची दोन्ही हिरवी दलं एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांची टोकदार टोपी होते. फूल आतून फुगत जातं आणि ती टोपी अख्खीच्या अख्खी वर ढकलून देतं.

पॉपीत मध नसतो. असतो तो पराग, आणि तोही भरपूर. त्यामुळे सकाळी सातेरी आणि फुलोरी मधमाश्या फुलावर अक्षरशः लोळतात. रानपॉपीचा पराग काळसर असतो, तेव्हा परतणाऱ्या मधमाशीच्या मागच्या पायांवर काळसर गोळे दिसले की ती कुठून आली ते कळतं. कीटकनाशकं मारलेल्या बागेत हे पाहायला मिळत नाही.

एक फूल एक-दोन दिवसच टिकतं. पण एकेका झाडाला लागोपाठ कळ्या येत राहतात. सुकलेलं फूल बोंड धरायच्या आत खुडलं, तर झाड नव्या कळ्या काढत राहतं. फुलदाणीत ठेवायची असेल तर कळी रंग दाखवू लागताच पहाटे कापावी आणि कापलेलं टोक काही सेकंद मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावं. चीक तिथेच थिजतो, आणि फूल पाण्यात जास्त वेळ तग धरतं.

रोगकिडींत पहिला शत्रू मावा. कोवळ्या देठांवर त्याची काळी-हिरवी दाटी दिसली की पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावी. भागलं नाही, तर निंबोळी अर्क संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवारावा. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. ती पानं काढून टाकावीत आणि झाडांमधली दाटी कमी करावी. गोगलगायी रात्री कोवळी रोपं फस्त करतात, त्यांना टॉर्चच्या उजेडात वेचणं हाच खात्रीचा उपाय.

बी धरणं

मार्चचं ऊन तापलं की झाडं पिवळी पडू लागतात. तेव्हा खुडणं थांबवावं आणि चांगल्या फुलांची काही बोंडं राखावीत. शर्लीचं बोंड वाळून तपकिरी होतं, झाकणाखाली बारीक खिडक्या उघडतात आणि वाऱ्याने हललं की त्यातून बी सांडतं. बोंड कानाशी हलवून आत खुळखुळ ऐकू आली की ते देठासकट कापून कागदी पिशवीत उलटं टांगावं. कॅलिफोर्निया पॉपीची शेंग वाळली की तडकते आणि बी दूर उडतं. म्हणून ती पिवळट झाली की आधीच तोडून घ्यावी.

बी सावलीत पुरतं वाळवून काचेच्या कोरड्या बाटलीत भरावं. पावसाळ्याची दमट हवा हा त्याचा खरा वैरी. बाटलीत सिलिका जेलची पुडी किंवा कापडाच्या पुरचुंडीत कोरडी राख ठेवली, वर नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की झालं. घरचं बी पुढच्या वर्षी थोडे वेगळे रंग दाखवील, कारण मधमाश्या सगळ्या रंगांचा पराग एकत्र करतात. ज्यांना एकच रंग हवा, त्यांनी विल्क्स यांच्यासारखं मनाजोग्या फुलाला दोरा बांधावा आणि बाकीची झाडं फुलताक्षणी काढून टाकावीत.

एकदा पॉपी फुलली की आपलं आपण सांडलेलं बी पुढच्या थंडीत वाफ्यात कुठेकुठे उगवून येतं. तेव्हा निंदणी करताना कातरलेल्या पानांची ती इवली रोपं ओळखून सोडून द्यावीत.

ज्यांना आधी पाहून मग ठरवायचं आहे, त्यांनी जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला जावं. हिवाळी फुलं तेव्हा ऐन बहरात असतात आणि बागकाम जाणणारी माणसंही तिथे भेटतात. मुंबईकरांसाठी राणीच्या बागेतलं प्रदर्शन आहे.

बाकी तयारी फार नाही. या दिवाळीत कॅलिफोर्निया किंवा शर्ली पॉपीचं एक पाकीट आणा, त्यावरचं शास्त्रीय नाव तपासा आणि उन्हातली एक खोल कुंडी मोकळी ठेवा. थंडी पडली की बी वाळूत मिसळून तिथेच पेरा, आणि मार्चमध्ये धरलेल्या बियांतली एक पुडी शेजाऱ्यांनाही द्या.